फळा, नळ, नाव

सांगली, मिरज आणि कृष्णेकाठचा आसपासचा भाग. इथल्या रोजच्या व्यवहारातून उठून गेलेल्या, किंवा उठायच्या बेतात असलेल्या गोष्टींच्या या नोंदी. जुनं ते सगळं यात नाही. ज्या गोष्टीभोवती चार अनोळखी माणसं थांबायची आणि एकमेकांशी बोलायची, तेवढ्याच घेतल्या आहेत.

चौकातला फळा. लाकडी चौकटीतला काळा फळा, वर पावसासाठी पत्र्याची पाखी, खाली खडू ठेवायला फळी. मंडळाचं नाव तेलरंगात. सकाळी कुणीतरी एक जण ओल्या फडक्यानं तो पुसायचा आणि वळणदार अक्षरात लिहायचा. आधी निधनवार्ता: नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून, अमरधामला. मग पाणी कुठल्या भागात येणार नाही. मग व्याख्यान, हरवलेलं पाकीट, सिव्हिलमध्ये रक्त हवंय, गट अमुक. जागा उरली तर सुविचार.

लिहिणाऱ्याला पैसे मिळत नसत. त्याचं अक्षर सगळ्या गल्लीला ओळखू यायचं, त्यामुळे चूक झाली तर कुणाला धरायचं हेही माहीत असायचं. मयताचं नाव चुकलं तर रस्त्यानं जाणारा एखादा थांबून बोटानं पुसायचा, खडू उचलून नीट करायचा आणि पुढे जायचा. कुणाची परवानगी लागायची नाही.

आता तिथे फ्लेक्स आहे. वाढदिवसाचा, निवडीचा, पुन्हा वाढदिवसाचा. फ्लेक्सवर कुणाला काही लिहिता येत नाही. आणि निधनवार्ता गेली फोनवरच्या गटात. गटात नाव असलेल्यांना ती लवकर कळते, फळ्यापेक्षा लवकर, हे खरं. पण वारलेल्या आजोबांना वीस वर्षं रोज हार-फुलं देणारी बाई त्या गटात नसते. त्यांच्याकडे भाड्यानं राहून गेलेला, आता कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला असलेला मुलगाही नसतो. फळ्याला सभासद नव्हते. चौकातून जाईल त्याला तो बातमी सांगायचा.

काही चौकांत चौकट अजून आहे, आतला फळा नाही.

पुलावरचे फूट. आयर्विन पूल १९२९ सालचा, सांगली संस्थानच्या काळातला. सांगलीचा पावसाळा त्याच्यावरच्या आकड्यांनी मोजला जातो. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. हे दोन आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण त्यांच्या पोटात आणखी एक हिशेब होता, तो कुठल्याही कार्यालयात लिहिलेला नव्हता. प्रत्येक घराचा स्वतःचा आकडा. पाणी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता, दत्तनगर या बाजूनं शिरतं, म्हणून तिकडची माणसं चाळिशीच्या अलीकडेच सामान वर चढवायला घेत. गावभागातली म्हातारी सांगायची, पुलावर इतके फूट झाले की आपल्या दुसऱ्या पायरीला लागतं. आकडा कानावर आला की घरात कोणतं काम पहिलं करायचं ते ठरलेलं असे: धान्याचे डबे, गादी, शिलाई मशीन, कागदपत्रांची पेटी, शेवटी म्हातारी माणसं.

आकडा आणायला माणूस पाठवत. तो पुलावर जाऊन बघून यायचा आणि वाटेत दहा दारांत सांगत यायचा. पुलाच्या कठड्याशी शेकडो लोक उभे असत, आणि तिथेच कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, अलमट्टी धरणाची दारं किती उघडी आहेत यावर वाद चालत. वाद घालणाऱ्यांत वकील असायचा तसा हमालही. नदीच्या बाबतीत दोघांचीही माहिती पक्की असायची.

२००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. २०१९ साली ५७च्या वर. २०२१ साली ५५च्या आसपास. २००५चा पूर पाहिलेल्यांनी २०१९मध्ये जुना हिशेब धरला. तेव्हा आपल्या उंबऱ्याशी थांबलं होतं, मग आताही थांबेल. कितीतरी घरं या भरवशावर अडकली. अनुभवाचा हिशेब असा फसू शकतो, हेही या नोंदीत यायला हवं.

आता आकडा तासातासाला फोनवर येतो. अचूक येतो. पण जुने वाडे पाडून अपार्टमेंट झाली, तिथल्या पार्किंगमध्ये पाणी कितव्या फुटाला येतं हे नव्या बिऱ्हाडाला कोण सांगणार? जुन्या दाराच्या चौकटीवर २००५ची रेघ होती, तिच्या वर २०१९ची. चौकट गेली तेव्हा दोन्ही गेल्या. माझी एक साधी मागणी आहे. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक इमारतीच्या दाराशी त्या रेघा पुन्हा रंगवाव्यात, आणि शेजारी पुलावरचे फूट लिहावेत. हे काम सोसायटीच्या एका रविवारात होण्यासारखं आहे.

नाव. हरिपुराजवळ कृष्णा आणि वारणा भेटतात. पलीकडे कोथळी. हरिपूर–कोथळी नाव चालायची: शाळेची मुलं, दुधाच्या किटल्या, बाजाराच्या पाट्या, सायकली. आता तिथे पूल झाला आहे आणि तो व्हायलाच हवा होता. अडलेल्या बाळंतिणीला नावेची वाट बघायला लावणारा काळ परत यावा असं कुणीही म्हणणार नाही.

नावाड्याबरोबर एक माहिती गेली. कुठे भोवरा धरतो, पाणी चढताना प्रवाह कुठून तिरपा येतो, किती माणसं घेतली की नाव बसते. ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि घरची घरं उजाड झाली. त्यानंतर बोटी आल्या, यांत्रिक आल्या, लाइफ जॅकेटं आली. पावसाळ्याआधी प्रात्यक्षिकं होतात, फोटो छापून येतात. हे चांगलंच आहे. मात्र बोट शेडमध्ये ठेवता येते, हात तसा ठेवता येत नाही. तो रोज पाण्यात असावा लागतो. नदीकाठच्या गावांत आज असे हात किती उरले आहेत याची मोजणी कुणीतरी करायला हवी, आणि ती उन्हाळ्यातच करायला हवी.

घाटावरचं पोहणं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधून पोरांना पाण्यात सोडत. शिकवणारा कुणाचा तरी काका, पण शिकवायचा सगळ्यांच्या पोरांना. आता शेरी नाल्याचं सांडपाणी नदीला मिळतं, आणि कृष्णेत सांगलीच्या वरच्या-खालच्या अंगाला मगरी आहेत. आई-वडील पाठवत नाहीत, बरोबरच आहे. ज्या शहरात दर काही वर्षांनी पूर येतो तिथल्या मुलांच्या एका पिढीला पोहता येत नाही. तरण तलावात फी भरून शिकणारी थोडी आहेत. पूर येतो त्या वस्त्यांतली ती नसतात.

नळकोंडाळं. चार तोट्या, सिमेंटचा कट्टा, खाली शेवाळ. पहाटे भांड्यांची रांग. माणूस घरी, रांगेत घागर उभी. तिची जागा कुणी मोडायची नाही असा नियम, आणि तो मोडला की भांडण.

याचं कौतुक जपून करावं. पाणी भरायचं काम बायकांचं आणि मुलींचं होतं. त्यांच्या शाळा त्या रांगेत बुडाल्या, कमरा त्या कट्ट्यावर गेल्या. कुणाची घागर कुणाच्या घागरीला लागायची नाही, हेही तिथेच ठरत असे. घरोघर नळ आला हे भलंच झालं, आणि ज्यांना रांगेतून सुटका मिळाली त्यांना कोंडाळ्याची आठवण काढून उसासे टाकायला कुणी सांगू नये.

एक गोष्ट मात्र तिथेच होती. पाणी नाही आलं तर ते एकाच वेळी सगळ्यांना नाही यायचं, आणि सगळ्या जणी तिथेच उभ्या असायच्या. अर्ध्या तासात ठरायचं: चला. रिकाम्या घागरी घेऊनच बायका नगरपालिकेवर जायच्या. हंडा मोर्चाची तयारी वेगळी करावी लागत नसे. सामान हातातच असे.

आता पाणी कमी आलं की ज्याची मोटर मोठी त्याला मिळतं. ज्याचं बोअर आहे त्याला कळतही नाही. वीस लिटरचा जार दारात येतो. गल्लीच्या टोकाला ज्याच्याकडे यातलं काही नाही तो एकटा फोन लावत बसतो. पालिकेचं पाणी हिराबागेतून तेच येतं, तक्रार मात्र प्रत्येक घराची वेगळी झाली आहे. एकेकट्या तक्रारीला कार्यालयात क्रमांक मिळतो. पूर्वी साहेबाला खुर्चीतून उठून बाहेर यावं लागायचं.

पाणपोई. रांजण, वर ओलं फडकं, साखळीला बांधलेला पेला. काही जागी आता स्टीलचा कूलर आहे, देणगीदाराच्या नावाचा. तो बंद पडला की दुरुस्त कुणी करायचा ते ठरलेलं नसतं. रांजण भरणारी बाई ठरलेली होती.

दवंडी. गेली.

भोंगा. गिरणीचा, कारखान्याचा, पालिकेचा. घड्याळ लावायचं, भात उतरवायचा, पोरांना हाक मारायची ती त्याच्यावर. जिल्ह्यात एका ठिकाणी तो परत आला आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. ग्रामसभेत ठरलं आणि पाळलं जातं, म्हणून बातमी देशभर गेली. मला भोंग्यापेक्षा त्या ग्रामसभेचं अप्रूप वाटतं. सगळ्यांनी एकाच वेळी एक गोष्ट करायची, असं गावानं एकत्र बसून ठरवलं. शहराला अशी सभा नाही.

जकात नाका. शहराच्या वेशीवर आडवा बांबू, पत्र्याची खोली, रात्रभर जळणारा दिवा, ट्रकची रांग. इथे खाबूगिरी होती, वेळ जायचा, डिझेल जळायचं. नाके उठले याबद्दल व्यापाऱ्यांना दुःख नाही आणि मलाही नाही. जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५पासून पन्नास कोटींच्या आतली उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी माफ झाला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला.

नोंद करायची ती वेगळ्याच गोष्टीची. जकात होती तोवर शहरात येणाऱ्या मालावर शहर स्वतः कर घ्यायचं आणि त्यातून रस्ता करायचं. गणपती पेठेतला व्यापारी पालिकेत जाऊन हक्कानं टेबलावर हात आपटू शकायचा: माझे इतके पैसे घेता, पेठेतल्या गटारीचं काय? आज महापालिकेला भरपाईचं अनुदान वरून येतं. पैसे कुठून आले हे सामान्य माणसाला दिसत नाही. मग तो रस्ता आमदारांनी दिला, पूल मंत्र्यांनी दिला, असे फलक लागतात, आणि लोकही देणाऱ्याचे आभार मानतात. आपल्याच पैशाचे आभार. घरपट्टी मात्र आपण अजून भरतो. ती भरल्यावर पावती मिळते. त्या पावतीकडे बघून टेबलावर हात आपटायची सवय मोडली आहे.

नगरसेवकाचं दार. ओसरीवर दोन खुर्च्या, एक बाकडं, सकाळी आठला चहा. दिवा लागत नाही, दाखल्यावर सही हवी, पोराला शाळेत घ्या, शेजाऱ्यानं भिंत पुढे घेतली. तो काम करेलच असं नाही, पण दाराशी बसता यायचं, आणि संध्याकाळी तो भाजी घ्यायला त्याच बाजारात यायचा. टाळायला त्याला जागा नव्हती.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महापालिका झाली. सदस्य ७८. आता एका प्रभागातून एक नाही, चार-चार जण निवडून देतात. दिवा कुणाला सांगायचा हा प्रश्न मतदान करून आल्यापासूनच सुरू होतो. ऑगस्ट २०२३मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांचं हेच झालं, काहींचं याहून लांबलं. आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, त्याची कारणं कायद्याची आहेत. २०२६च्या जानेवारीत मतदान झालं.

मधल्या काळात शहर थांबलं नाही. कचरा उचलला जात होता, दाखले मिळत होते, काही कामं आधीपेक्षा नेटकी झाली असंही लोक सांगतात. म्हणून मला जास्त काळजी वाटते. नगरसेवक नसले तरी चालतं, हे लोकांना पटायला लागलं. बजेटवर सभेत भांडण झालं नाही. सभाच नव्हती. एखाद्या वस्तीतली गटार यादीतून का वगळली, हे कुणी उठून विचारलं नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं शहरांना जे दिलं त्याचा गाभा हाच होता, की शहराचा कारभार शहरानं निवडलेल्या माणसांनी, लोकांसमोर उभं राहून करायचा. अधिकारी कितीही भला असला तरी त्याची बदली होते. नगरसेवकाची बदली होत नाही, त्याला तिथेच राहायचं असतं, आणि पडला तरी त्याच गल्लीतून चालावं लागतं.

प्रेक्षक गॅलरी. सर्वसाधारण सभा बघायला नागरिकांना बसता येतं. बसत असत. पेन्शनर, वार्ताहर, दोन वकील, एखादा कॉलेजचा मुलगा. वक्ते माहीत असत, कोण अभ्यास करून येतो आणि कोण नुसता ओरडतो ते माहीत असे. ही जागा बंद झालेली नाही, बसणारे गेले.

पावती पुस्तक. क्रमांक छापलेलं, कार्बन घालून लिहायचं, मूळ प्रत देणगीदाराला, स्थळप्रत मंडळाकडे. गणपतीच्या आधी तीन आठवडे पोरांची टोळी संध्याकाळी निघायची. दोघं बोलायला, एक लिहायला, एक पैसे धरायला. पाच रुपये, अकरा, एकवीस. एखादं दार चटकन उघडायचं नाही, तिथे परत जायचं. एखादा म्हणायचा, गेल्या वर्षीचा हिशेब दाखवा. तेव्हा चौदा वर्षांच्या पोराला हिशेब दाखवायला लागायचा.

माझ्या मते सार्वजनिक जीवनाचं सगळ्यात उत्तम शिक्षण याच फिरण्यात होतं. गल्लीत किती घरं आहेत, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोण एकटं राहतं, कुणाचं वर्गणीवरून मन दुखावलंय, कोण गरीब असून न मागता देतं, हे सगळं त्या तीन आठवड्यांत कळायचं. नकार ऐकून घ्यायची सवय लागायची. विसर्जनानंतर जमाखर्च कागदावर लिहून मंडपाच्या खांबाला चिकटवायचे: मूर्ती इतके, वीज इतके, प्रसाद इतके, शिल्लक इतकी. कधी हिशेब जुळायचा नाही, आणि मग खजिनदाराची झोप उडायची, कारण कागद वाचणारे सगळे त्याला ओळखणारे असायचे.

आज पुष्कळ मंडळांना दारोदार फिरायची गरज उरलेली नाही. प्रवेशाच्या कमानीवर एक-दोन नावं असतात, त्यांत खर्च निघतो. मूर्ती मोठी झाली आहे, आवाज फारच. शंभर घरांतून अकरा-अकरा रुपये गोळा केलेलं मंडळ शंभर घरांना उत्तर देत असे. एकाच्या पैशावर चालणारं मंडळ त्या एकालाच उत्तर देतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसानं आवाज कमी करा म्हणून सांगितलं तर पूर्वी त्याचं ऐकावं लागे, कारण त्याची पावती फाडलेली असे.

काही मंडळं अजून फिरतात. पैसे आता क्यूआर कोडवर येतात, पण दार वाजवायला माणूस येतो. अशा मंडळाला घरातून थोडे जास्त द्यावेत.

शांतता समितीची माणसं. सप्टेंबर २००९मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली आणि सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली. तेव्हाही आणि त्याच्या आधीही, दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत रात्री अकरा वाजता एकट्यानं जाऊ शकणारी काही माणसं होती. कुणी तालमीचा वस्ताद, कुणी डॉक्टर, कुणी बागवान, कुणी निवृत्त मास्तर. समितीच्या यादीत नाव असो नसो. त्यांचं ऐकलं जायचं, कारण त्यांनी कुणाचं तरी हाड बसवलं होतं, कुणाला कुस्ती शिकवली होती, कुणाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं होतं. यादी आजही होते, बैठका होतात, चहा होतो. अशी माणसं बैठकीत घडत नाहीत. ती वीस-तीस वर्षांच्या शेजारातून घडतात, आणि वस्त्या वेगळ्या होत गेल्या की शेजारच उरत नाही.

दर्ग्यातली मैफल. ही नोंद मी या यादीत घालणार होतो, आणि बरं वाटलं की घालावी लागत नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो, अजूनही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांच्या स्मरणाची संगीत सभा दर्ग्याच्या आवारात अजून भरते. तिकीट नाही. चिंचेच्या झाडाखाली बसायचं, सतारी बनवणारे कारागीर शेजारी बसलेले असतात, आणि गवयाचा तंबोरा मिरजेतच तयार झालेला असण्याची शक्यता मोठी.

वाचनालयातलं वर्तमानपत्राचं टेबल. सांगली नगरवाचनालय १८६९ सालचं. दीडशेव्या वर्षी, ऑगस्ट २०१९मध्ये, पाणी आत शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. जुन्या प्रती, दुर्मीळ अंक, जे दुसरीकडे मिळणार नाही असं. पाणी ओसरल्यावर लोकांनी पुस्तकं बाहेर काढली, जी वाळण्यासारखी होती ती वाळवली. पुस्तकांच्या देणग्याही आल्या. या सगळ्याबद्दल तेव्हा लिहून आलं आहे.

मुक्तद्वार वाचनकक्षातल्या टेबलाबद्दल कमी लिहिलं गेलं. उतरतं लाकडी टेबल, त्यावर पेपर पसरलेला, आणि वाचणारे शेजारी शेजारी. बूट पॉलिश करणारा, नोकरीच्या जाहिराती उतरवून घेणारा, गणपती पेठेतला दिवाणजी, तीन पेन्शनर. तोच अग्रलेख आठ जण वाचायचे आणि बाहेर पायऱ्यांवर त्याच्यावर बोलायचे. एकाला पटलेला, दुसऱ्याला न पटलेला, पण दोघांनी वाचलेला लेख एकच. आता प्रत्येकाच्या हातात वेगळी बातमी असते, आणि समोरच्यानं ती पाहिलेलीच नसते. मग बोलणं होतं ते बातमी खरी की खोटी एवढ्यावरच. वाचनकक्ष अजून चालतात. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून खुर्ची धरून बसतात, खाली मान घालून, आणि त्यांच्यामुळे दिवे जळतात हेही चांगलं आहे. त्यांच्यापैकी काही जण उद्या कुठल्या तरी शहराचे मुख्याधिकारी होतील. पेपरच्या टेबलाशी अर्धा तास उभं राहायला त्यांना सांगावंसं वाटतं.

नाटकाची तालीम. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला इथे भावे पदक दिलं जातं आणि शहर त्या दिवशी सजतं. पदकाला काही धोका नाही. धोका आहे तो रात्री नऊनंतरच्या शाळेच्या वर्गाला. बँकेतला कारकून, पोस्टातला, प्राथमिक शिक्षिका, एसटीतला मेकॅनिक, बाकं बाजूला सारून राज्य नाट्यस्पर्धेची तालीम करायचे. शिपायाकडे किल्ली असायची आणि तोही बघत बसायचा. आता वर्ग मिळत नाही. विमा, सुरक्षा, सीसीटीव्ही, परवानगी. कारणं खरी आहेत. हॉलचं भाडं हौशी मंडळींना परवडत नाही, हेही खरं. ज्या शाळा अजून किल्ली देतात त्यांच्या संचालकांना हात जोडावेसे वाटतात.

तांबडी माती. कवठेपिरानचे मारुती माने १९६४चे हिंदकेसरी. त्या काळात काठावरच्या गावात आणि शहराच्या पेठेत तालीम नाही असं होत नसे. माती चाळून त्यात ताक, तेल, हळद. तालमीतल्या पोरांना व्यायामाखेरीज दोन कामं लागून असत: पूर आला की माणसं उचलणं, आणि मयत झालं की खांदा देणं. जिममध्ये पोरं आजही अंग कमावतात, पूर आला की धावतातही, २०१९ला धावली. खांद्यासाठी मात्र आता वैकुंठरथ बोलवावा लागतो. तो अर्ध्या तासात येतो. चार माणसं जमायला त्याहून वेळ लागतो.

पेव. हळद साठवायची जमिनीतली खोल विहीर, हरिपूरची. २००५च्या पुरानं पुष्कळशी बुजली, कोल्ड स्टोरेज आली. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली हवा निघू द्यायची, वर एक माणूस दोर धरून उभा ठेवायचा. आत उतरणाऱ्याचा जीव वरच्याच्या हातात.

खुला भूखंड. यादीतली सगळ्यात मोठी वस्तू, आणि तिची नोंद सगळ्यात कमी वेळा होते. कोणत्याही वसाहतीचं रेखांकन मंजूर होताना त्यात खुली जागा सोडावी लागते, विकास आराखड्यात बाग, शाळा, मैदान यांची आरक्षणं असतात. आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं की हरकती आणि सूचना द्यायला मुदत असते. नकाशा कार्यालयात लावतात. तो बघायला जाणाऱ्यांत जमीनमालक असतात, बिल्डर असतात, वकील असतात. ज्यांची पोरं त्या मैदानावर खेळणार ती माणसं कामावर असतात.

मग एके दिवशी मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड येतं. मग देऊळ, किंवा मंडळाची खोली, किंवा कुणाची तरी गाडी कायमची. वर्षभरानं तो कोपरा मैदानाचा होता हे नव्या मुलांना माहीत नसतं. क्रिकेटची सीमारेषा पुढे सरकते. दोन वर्षांनी क्रिकेट जाऊन कॅरम येतो.

रेखांकनाची प्रत मागता येते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, प्रतीचे पैसे वेगळे, आणि उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. प्रत आली की चौघांनी पन्नास मीटरचा टेप आणायचा, पोरांना दोन टोकांना उभं करायचं आणि जागा मोजायची. नकाशावर जेवढी आहे तेवढी भरली तर तारीख टाकून फोटो काढून ठेवायचा. कमी भरली तर दुसरा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा, चौघांच्या सहीनं.